गेरूचे हात

भुताचं तोंड एकदा बघून घ्यावं म्हणून शरदरावांनी चष्मा चढवला, आणि त्यांना दिसलं ते त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर. आधी वाटलं, पोरीनं घाईत भलतंच काही लावलं. पण टॅबच्या काचेवर तोच हिरवट उजेड होता, तोच धापा टाकणारा पोरगा होता, आणि त्याच्या पाठीमागं तीन गजांची खिडकी होती, मधला गज बाहेरच्या अंगाला वाकलेला. आता वाकलेल्या गजांच्या खिडक्या जगात काय कमी असतील? सरकारी क्वार्टरांत तर सरळ गज शोधावा लागतो. पण हा गज शरदरावांनी स्वतः वाकवला होता, पहार घालून, डिसेंबरातल्या एका सकाळी. आणि तेव्हाचं ते गारठलेलं लोखंड या क्षणी, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या या खोलीत, पंख्याखाली, बहात्तराव्या वर्षी त्यांच्या तळहाताला लागलं. "आजोबा, श्वास तर घ्या," शेजारी बसलेली तन्वी म्हणाली. "इतक्यातच डरलात? अजून तर काही आलंच नाही."

खरं म्हणजे शरदरावांना या कामावर नेमलं होतं. तन्वी त्यांची नात, बारा वर्षांची, सातवीतली, तोंडानं तिखट आणि अभ्यासात बरी. पण तीन-चार दिवस झाले, ती एकटी बाथरूममध्ये जाईना. आरशासमोर उभं राहून वेणी घालायची तर डोळे मिटून घालायची, त्यामुळे भांग कुठं आणि वेणी कुठं. घरात कुणी नसेल तेव्हा शरदरावांनी बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहायचं आणि दर अर्ध्या मिनिटानं "आहे मी, आहे" असं म्हणायचं, असा नियमच तिनं घालून दिला होता. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वर्गातल्या अर्ध्या मुली पडक्या घरांत भुतं शोधत फिरणाऱ्या कुठल्यातरी चॅनेलवर तुटून पडल्या होत्या, आणि पालकांच्या ग्रुपवर त्यावरून रण माजलं होतं. एका आईनं लिहिलं, असले चॅनेल बॅनच करा. एका बापानं लिहिलं, भूतों से नहीं, मोबाइल से डरिए. कुणीतरी एका तज्ज्ञाचं लांबलचक टिपण टाकलं, त्यात लिहिलं होतं की या वयात खरं काय आणि नाटक काय हे मुलांना नेहमीच उमगत नाही, भीती मनात घर करते, तेव्हा बघायचंच असेल तर मोठ्यांच्या सोबतीनं बघावं. निखिलनं, म्हणजे शरदरावांच्या मुलानं, पोहे खाता खाता ते वाचलं आणि म्हणाला, "अरे, हम लोग भी तो छत पे बैठके चुड़ैल के किस्से सुनते थे. काय झालं आम्हाला?" "तुम्हाला काय झालं ते मी रोजच बघते," अस्मिता म्हणाली आणि सासऱ्यांकडं वळली. ती बँकेत, तो विमा कंपनीत, दोघंही संध्याकाळी सातशिवाय घरी यायचे नाहीत. "बाबा, दोपहर में तुम्हीच असता घरी. जरा बघा ना ही काय बघते ते. और प्लीज, तिला रागवू नका." तर अशी ती नेमणूक. आणि रागवायचं कशाला, शरदरावांचा आवाजच फुटत नव्हता.

पडद्यावरच्या पोराचं नाव विक्रांत. विक्रांत भिया, म्हणजे भैया, म्हणायचे त्याला त्याचे चाहते. चॅनेलचं नाव 'भिया और साया'. तेवीस-चोवीस वर्षांचा, दाढी नीट कोरलेली, गळ्यात रुद्राक्ष, हातात दिवे लुकलुकणारं एक यंत्र. "गाइज़, हम हैं इस वक्त बेटमा में," तो कुजबुजत होता, जणू मोठ्यानं बोललं तर बेटमा उठून बसेल. "इंदौर से बस थोड़ी दूर. चालीस साल से बंद पड़ा है ये क्वार्टर. गाँववाले बताते हैं, यहाँ एक औरत अपनी बच्ची के साथ रहती थी. पति ज़ालिम था. एक रात..." पुढं त्या बाईनं काय केलं ते त्यानं फार रंगवून सांगितलं. शरदराव ते ऐकत नव्हते. ते खोलीतून खोलीत फिरत होते, विक्रांतच्या कॅमेऱ्याच्या मागून, चपला काढून फिरावं तसे. इथं पाण्याचा माठ होता. इथं शिवणयंत्र. या कोपऱ्यात दर पावसाळ्यात ओल यायची आणि त्यांची बायको पद्मजा दर पावसाळ्यात म्हणायची, तुम्ही धरणं बांधता आणि घरातलं पाणी अडवता येत नाही. मग कॅमेरा स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटासमोर थांबला. कपाटाची दारं कुणीतरी कधीच काढून नेली होती. विक्रांतनं बत्ती आत धरली, आणि तन्वीनं दोन्ही हातांनी डोळे झाकले. "आला का? आला का तो?" ती बोटांआडून विचारत होती. आतल्या भिंतीवर दोन हात उमटलेले होते. एक मोठा, बाईचा. आणि त्याच्या अंगठ्याला लागून एक लहानसा. "ये देखो गाइज़. खून के निशान. माँ और बच्ची. जिसने ये छोटा हाथ देख लिया और नीचे कमेंट में अपना नाम नहीं लिखा, उसके घर के शीशे पर तीसरे दिन..." तन्वीनं टॅब पालथा घातला. "बस. यहीं तक," ती म्हणाली. "याच्या पुढचं मी नाही बघत."

खून कसला, तो गेरू होता. शेजारच्या काकीजींनी दिलेला. काकीजी म्हणजे बेटम्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरातली माळवी म्हातारी, तिला पद्मजाची मराठी कळायची नाही आणि पद्मजाला तिची माळवी, तरी दोघी तासन्‌तास बोलायच्या. दिवाळीला अंगणात गेरू आणि पांढऱ्या मातीचे मांडणे, म्हणजे तिकडची रांगोळी, कसे काढायचे, ते काकीजींनीच तिला शिकवलं. भिंतीवर हाताचा थापा उमटवायचा तर गेरूत अळशीचं तेल घालायचं, म्हणजे पुसता पुसला जात नाही, हेही त्यांनीच सांगितलं. शरदराव तेव्हा सिंचन खात्यात उपअभियंता होते, अठ्ठावीस वर्षांचे, आणि भिंतींवर हात-बीत उमटवणं हा त्यांना अडाणीपणा वाटायचा. सरकारी भिंत आहे, म्हणाले होते ते. पद्मजा बरं म्हणाली, आणि तिनं कपाटाच्या आत थापे उमटवले. डब्यांच्या मागं. सरकारला दिसणार नाहीत असे. आधी स्वतःचा. मग कडेवरच्या लेकीचा, प्राचीचा, इवलासा हात वाटीत बुडवून तिनं भिंतीला लावला, आणि गार लागलं म्हणून प्राचीनं तो झटकन ओढून घेतला. सगळ्या स्वयंपाकघरात गेरूचे शिंतोडे. शरदरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सुद्धा. प्राची तीन वर्षांची होती. खिडकीच्या गजांमधून डोकं घालून बसायची, आणि एकदा ते बाहेर निघेनाच, तेव्हा तिच्या कानांना तेल लावून पाहिलं, लोणी लावून पाहिलं, शेवटी पहार घालून गज वाकवावा लागला. ती तेवढा वेळ रडली नाही. बाहेरून जाणाऱ्या बकऱ्यांशी बोलत बसली होती.

त्याच महिन्यात, सगळं मिळून तीन दिवसांचा ताप. तिसऱ्या दिवशी खात्याची जीप मिळाली आणि ते इंदूरला निघाले. रस्त्यावर इतके खड्डे होते की पद्मजानं मुलीला दोन्ही हातांवर उचलून धरलं होतं, धक्का लागू नये म्हणून, आणि शहराचे दिवे दिसायला लागले तरी ती तशीच धरून बसली होती, आणि कधीपासून ती नुसतीच धरून बसली होती ते दोघांनाही कळलं नव्हतं. पुढं तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी शरदराव पद्मजाला म्हणाले, "आता या घरात तिचं नाव काढायचं नाही. नाव निघालं तर मला जगता येणार नाही." किती सरळ वाक्य. त्यात पद्मजाला जगता येईल की नाही, हा प्रश्नच नव्हता. तिनं नाव काढलं नाही. पाच वर्षांपूर्वी ती गेली, तोवर एकदाही काढलं नाही. त्या तापानंतर दोन वर्षांनी निखिल झाला, त्याला एवढंच माहीत की आपल्या आधी एक बहीण होती आणि ती लहानपणी गेली. नाव त्यानं विचारलं नाही, आणि कुणी सांगितलं नाही. नाव नसलेल्या माणसाविषयी विचारायचं तरी काय?

तीन महिन्यांत बदली करून घेतली होती त्यांनी. क्वार्टर ताब्यात देताना भिंतींना चुना मारून, पुताई करून द्यायचा नियम होता. शरदरावांनी पुताईवाल्याला पक्कं बजावलं होतं, कपाटाच्या आतूनही मार, दोन हात मार. आणि ते ऑफिसला निघून गेले होते, कारण ते बघणं त्यांना झेपलं नसतं. पद्मजा मात्र घरातच होती, सामान बांधत. संध्याकाळी ते परत आले तेव्हा भिंती पांढऱ्याफटक होत्या आणि कपाटाची दारं बंद होती. त्यांनी ती उघडून पाहिली नाहीत. चव्वेचाळीस वर्षं त्यांची समजूत होती की ते हात चुन्याखाली गेले. आता त्यांना दिसत होतं, अगदी समोर घडल्यासारखं दिसत होतं, की पद्मजा त्या बंद दारांना पाठ लावून उभी आहे आणि त्या पुताईवाल्याला तिच्या मोडक्या हिंदीत सांगते आहे, इसके अंदर मत करो. त्यांच्यानंतर तिथं कुणी राहायला आलं नाही. नवी क्वार्टरं झाली, हे घर खात्याच्या सिमेंटच्या गोण्या ठेवायला गेलं, मग कुलूप लागलं. आणि पद्मजा दर दिवाळीला, फार सहज, फराळाचं ताट पुढं ठेवता ठेवता म्हणायची, "एकदा बेटम्याला जाऊन येऊ या का हो?" आणि ते दर दिवाळीला म्हणायचे, "बेटम्याला? तिथं काय ठेवलंय आता?" ती चकली वाढायची. तिनं काय ठेवलं होतं ते तिला माहीत होतं. तासाभराचा तर रस्ता. स्कूटर होती, पुढं गाडी आली. एकदा नेलं असतं तर काय बिघडलं असतं? हे आता पंख्याकडं बघत विचारण्यात काही अर्थ नव्हता, तरी शरदरावांनी ते विचारलं, दिवसातून पुष्कळदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी तन्वी शाळेतून आली, जेवली, आणि शरदरावांनी स्वतः होऊन टॅब तिच्या पुढं ठेवला. त्यांच्याकडं बटणांचा फोन होता. निखिलनं दिलेला चांगला फोन त्यांनी हट्टानं कपाटात ठेवून दिला होता, आणि तो आता बाहेर काढून शिकायचा तर निखिलला कारण सांगावं लागलं असतं. "कालचं ते पुन्हा लाव जरा," ते म्हणाले. तन्वी चकित झाली. "आजोबा, सीरियसली? तुम्हाला आवडलं?" "आवडलं म्हणजे, तपासून बघतोय," ते म्हणाले. "मोठ्यांच्या सोबतीनं बघायचं असतं ना? मग झालं तर. मी मोठा आहे." रोज दुपारी तीन वाजता मग हे सुरू झालं. विक्रांतच्या यंत्राचे दिवे लुकलुकले की शरदराव म्हणायचे, अगं, त्याच्या खिशातल्या मोबाइलमुळं लुकलुकतंय ते, अभियंता आहे मी. तन्वी हसायची. पण कपाटाशी आलं की ते म्हणायचे, "थांबव. थांबव जरा इथं." ती थांबवायची आणि डोळे झाकून घ्यायची, आणि शरदराव पुढं वाकून बघत बसायचे. हिरव्या उजेडात ते हात काळे दिसत. लहान हाताची बोटं एकमेकांत मिसळली होती. करंगळी कुठली ते ठरत नव्हतं. "झालं का?" तन्वी विचारायची. "थांब, अजून थोडं." तिचे खांदे वर ओढले गेलेत, मान आत गेलीय, हे त्यांना दिसत होतं. शेजारीच तर बसलेली होती ती. ते दिसत होतं, आणि तरी ते म्हणत होते, अजून थोडं. आपण चांगला माणूस आहोत अशी शरदरावांची आयुष्यभराची समजूत होती, आणि तिला त्या चार दुपारी तडे जात होते, हेही त्यांना कळत होतं. कळून उपयोग काय? माणूस तहानलेला असला की पाणी कुणाच्या माठातलं ते विचारत नाही.

विक्रांत शेवटी शेवटी अंधाऱ्या खोलीत मधोमध उभा राहून विचारायचा, "क्या यहाँ कोई है? अगर है तो हमें कोई इशारा दो." मग बराच वेळ काही नाही. टिटवीचा आवाज, लांबून जाणारा ट्रक. या जागी तन्वी श्वास रोखून धरायची, काहीतरी ऐकू येईल म्हणून. शरदरावही श्वास रोखून धरायचे, आणि काहीच ऐकू यायचं नाही. पोर घाबरत होती ती भूत असेल म्हणून, आणि म्हातारा घाबरत होता तो भूत नसेल म्हणून. पद्मजा जर तिथं कुठं असती तर एवढा वेळ गप्प बसली असती का? आधी त्या पोराला म्हणाली असती, बूट काढून ये, स्वयंपाकघर आहे. एखादं भांडं तरी वाजलं असतं. भूत होऊन का होईना, ती त्या कपाटाशी राखण करत उभी आहे, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तर शरदराव अनवाणी बेटम्याला गेले असते. बारा वर्षांच्या मुलीनं असलं काही बघावं की नाही, यावर शाळेपासून बँकेपर्यंत सगळ्यांचं मत तयार होतं. बहात्तर वर्षांच्या माणसानं बघावं की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

रात्री जेवताना अस्मितानं विचारलं, "बाबा, काय ठरलं? बंद करायचं ना ते सगळं?" शरदरावांनी पोळीचा तुकडा मोडला. "एकदम बंद केलं तर चोरून बघेल," ते म्हणाले. "माझ्या समोर बघते, ते बरं. हळूहळू सुटेल." अस्मिताला ते इतकं शहाणपणाचं वाटलं की तिनं ग्रुपवर लिहून टाकलं. शरदराव खोटं बोलले नव्हते. फक्त पोटात एक ठेवून ओठात एक आणलं होतं. आणि पोटात जे होतं तेही वाईट नव्हतं, असं ते स्वतःला सांगत होते. त्यांनी ठरवलं होतं, तन्वीला सांगायचं. पण असं नाही, पंख्याखाली टॅब हातात घेऊन नाही. तिला बेटम्याला न्यायचं. त्या कपाटासमोर उभं करायचं, दिवसाउजेडी, आणि सांगायचं, हा हात तुझ्या आजीचा, आणि हा तुझ्या आत्याचा. आत्या! तीन वर्षांची आत्या. जगली असती तर सत्तेचाळीस वर्षांची असती, केस रंगवत असती, दिवाळीला तन्वीसाठी ड्रेस घेऊन आली असती आणि अस्मिताच्या भाजीला नावं ठेवली असती. आजवर तिला कुणी कोणत्याच नात्यानं हाक मारली नव्हती. तन्वी पहिली असेल. आणि ज्या हाताला आपण भ्यालो तो आपल्याच घरचा हात होता, हे कळलं की पोरीची भीती जाईल, जाणारच. हे चित्र त्यांना इतकं गोड वाटलं की त्यासाठी पोरीनं अजून चार दिवस डोळे मिटून वेणी घातली तर काय, असं त्यांच्या मनानं परस्पर ठरवून टाकलं.

"निखिल, रविवारी बेटम्याला जाऊन येऊ," ते म्हणाले. निखिलनं मान वर केली. "बेटमा? उधर क्या है, बाबा?" शरदरावांनी हातातला घास ताटात ठेवला. आपलंच वाक्य चव्वेचाळीस वर्षांनी हिंदीत होऊन परत आलं होतं, आणि ते ऐकायला कसं लागतं ते आता कळलं. तिनं हे किती दिवाळ्या ऐकलं! "जुनं क्वार्टर आहे आपलं," ते म्हणाले. "बघावंसं वाटतंय." निखिल तसा प्रेमळ पोरगा. "हाँ तो जाऊ ना. पण या संडेला ऑफिसमध्ये ऑडिट आहे, बाबा. अगला संडे पक्का." अगला संडे, ठीक. चव्वेचाळीस वर्षांत आणखी सात दिवस. गुरुवारी संध्याकाळी शरदराव फिरत फिरत कृष्णपुऱ्याला गेले, तिथल्या जुन्या राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसले आणि त्यांनी बोलायचा सराव केला. 'तन्वी, ही प्राची.' ओठ हलले, आवाज आला नाही. शेजारी दोन मुलं मोबाइलसमोर वेडीवाकडी तोंडं करत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. शरदरावांनी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी नाव बाहेर आलं, खरखरीत, बरेच दिवस बंद असलेल्या नळातून पाणी यावं तसं. मग मात्र ते थांबेना. प्राची, प्राची, असं म्हणत ते पूल ओलांडून घरी आले. इतकं हलकं त्यांना पद्मजा गेल्यापासून वाटलं नव्हतं.

शुक्रवारी तन्वी शाळेतून आली ती ओरडतच. दप्तर सोफ्यावर, बूट कुठंही. "आजोबा, पार्ट टू आला! आणि त्यात माझं नाव आहे! विक्रांत भियानं माझं नाव घेतलं!" शरदरावांनी चष्मा शोधला. तिनं टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर चढून बसली. या वेळी विक्रांत दिवसा गेला होता. त्या तीन गजांतून खरं ऊन आत आलं होतं, आणि भिंतीतल्या कपाटात गेरू लाल दिसत होता. लालच, विटकरी लाल, कालच उमटवल्यासारखा. शरदरावांनी तो रंग इतके दिवस हिरव्यातून ओळखला होता, आता तो खरा दिसला. लहान हाताची बोटं वेगळी वेगळी दिसली. करंगळी दिसली, खाली ओढली गेलेली, तिनं हात झटकन मागं घेतला होता ना, तिथं. "तो गाइज़, इंदौर से तन्वी ने लिखा है," विक्रांत हसून सांगत होता, "कि भैया, प्लीज़ वो छोटा वाला हाथ मिटा दो, मुझे बाथरूम जाने में भी डर लगता है. और भी बहुत लोगों ने लिखा है. तो तन्वी बेटा, आज का शुद्धिकरण तुम्हारे लिए." त्यानं बाटलीतलं पाणी शिंपडलं, गंगाजल म्हणाला. ओल्या फडक्यानं पुसलं. हात जाईना. "देखो गाइज़, देखो! जा ही नहीं रहा!" जाईल कसा? काकीजींचं अळशीचं तेल होतं त्यात. मग त्यानं खाली पडलेल्या विटेचा तुकडा उचलला आणि घासायला सुरुवात केली. खर्र, खर्र. आधी लहान. मग म्हणाला, माँ को भी मुक्ति दे देते हैं, आणि मोठा. लाल भुकटी कपाटाच्या फळीवर पडत राहिली. त्यात चुना मिसळला, ती गुलाबी झाली. दोन मिनिटांत भिंत स्वच्छ झाली, सरकारी भिंत असावी तशी.

"केव्हा लिहिलंस हे?" शरदरावांनी विचारलं. "मंगळवारी. तुम्ही रोज पॉज करायला लावायचे ना. मला ना, आजोबा, बहुत डर लागायला लागली. डोळे बंद केले तरी तो हात दिसायचा." ती बोलता बोलता त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बसली. "तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही हसले असते." शरदराव पडद्यावरच्या कोऱ्या भिंतीकडं बघत होते. वाक्य तयार होतं, कृष्णपुऱ्याच्या पायऱ्यांवर घोटून घेतलेलं. ही तुझी आत्या. नुसतं तोंड उघडायचं होतं. मंगळवारी उघडलं असतं तर ते हात आज जागेवर असते. मंगळवारी हे वाक्य म्हणजे भेट होती. आज तेच बोललं तर बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर दगड ठेवल्यासारखं होईल, आणि असा दगड घेऊन माणूस किती वर्षं चालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? उभा जन्म त्यांनी स्वतःला वाचवायला तोंड बंद ठेवलं होतं. आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणासाठी ठेवायचं होतं, आणि ते इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. "बरं केलं ना मी?" तन्वीनं विचारलं. "हो," शरदराव म्हणाले. "छान केलंस."

ती उठली. गाणं गुणगुणत बाथरूममध्ये गेली, एकटी, दार लावून. कडी लागल्याचा आवाज आला. आत नळ सुटला, बंद झाला. आरशासमोर ती बराच वेळ असावी, कारण बाहेर आली तेव्हा भांग सरळ होता. शरदराव जागचे हलले नव्हते. त्यांना पद्मजाची आठवण येत होती, आणि तिला सांगायचं होतं, तू ठेवलं होतंस ते मी बघितलं, उशिरा बघितलं, पण बघितलं. तन्वीनं शेवेचा डबा उघडला, मूठभर शेव घेतली, आणि पुन्हा त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. "पहिलावाला लावू का?" ती म्हणाली. "पार्ट वन? त्यात अजून आहे तो. आता मला काही नाही वाटत." शरदरावांनी मान हलवली. तिनं बोटानं व्हिडिओ पुढं सरकवला, बरोबर कपाटाशी आणला, आणि त्यांनी न सांगताच थांबवला. हिरव्या उजेडात ते दोन हात पुन्हा उभे राहिले. तन्वीनं डोळे झाकले नाहीत. तिनं ते पहिल्यांदाच नीट पाहिले, शेव चावायची थांबली, आणि म्हणाली, "आजोबा, किती छोटासा आहे हो हा."

"तीन वर्षांची होती," शरदराव म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"हातावरून कळतं."

तिनं आपला पंजा उघडून पाहिला, मग पुन्हा पडद्याकडं पाहिलं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तन्वी बघत राहिली, आणि तिच्या शेजारी बसून शरदरावही.